एलसीडी पटलावरील स्वनिर्मित अक्षरे

स्वनिर्मित अक्षर म्हणजे लहान एलसीडी पटलाच्या (द्रवस्फटिक पटलाच्या) नियंत्रक चिपमध्ये मुळात नसलेले, वापरकर्त्याने ठिपक्यांच्या आकृतीने स्वतः घडवून चिपच्या स्मृतीत भरलेले अक्षर किंवा चिन्ह होय. वजनकाटे, पाण्याच्या पंपाचे नियंत्रक, दूध संकलन केंद्रांवरील यंत्रे आणि शाळांतील विज्ञान प्रकल्प यांत दिसणाऱ्या दोन ओळींच्या व प्रत्येक ओळीत सोळा अक्षरे मावणाऱ्या पटलांवर ही सोय असते. या पटलांच्या कायम स्मृतीत रोमी अक्षरे, अंक व विरामचिन्हे असतात. देवनागरी अक्षरे नसतात. त्यामुळे अशा पटलावर मराठी मजकूर दाखवावयाचा झाल्यास प्रत्येक अक्षर स्वनिर्मित असावे लागते आणि एका वेळी अशी आठच अक्षरे ठेवता येतात. या मर्यादेत मराठी कशी बसवावी, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

पटल आणि त्याचा नियंत्रक

द्रवस्फटिकांचा शोध ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्झर यांनी १८८८ साली लावला. दर्शनपटलासाठी त्यांचा उपयोग १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अक्षरे दाखविणाऱ्या लहान पटलांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो जपानच्या हिताची कंपनीचा एचडी४४७८० हा १९८०च्या दशकातील नियंत्रक. पुढे इतर उत्पादकांनी त्याच्याशी सुसंगत चिपा काढल्या आणि आज बाजारात 'सोळा बाय दोन' या नावाने मिळणारी पटले बहुधा त्याच आज्ञावलीवर चालतात. एका कंपनीच्या आज्ञा इतक्या वर्षांनंतरही जशाच्या तशा चालू राहाव्यात, असे इलेक्ट्रॉनिकीत क्वचित घडते.

या नियंत्रकात तीन स्मृती असतात व त्यांची गल्लत झाल्यास पुढचे काहीच उमगत नाही. पहिली सीजीरॉम, म्हणजे कारखान्यातच कोरलेला अक्षरसंच. त्याच्या प्रचलित जपानी आवृत्तीत पाच बाय आठ ठिपक्यांची २०८ व पाच बाय दहा ठिपक्यांची ३२ अक्षरे असून रोमी लिपीबरोबर जपानी काताकाना लिपीही आहे. ही स्मृती बदलता येत नाही. दुसरी डीडीरॅम, तिच्यात ८० घरे असतात आणि कोणत्या घरात कोणत्या क्रमांकाचे अक्षर दाखवावयाचे एवढेच तिच्यात लिहिलेले असते. तिसरी सीजीरॅम. ही केवळ ६४ बाइटांची असून स्वनिर्मित अक्षरे तिच्यातच राहतात. एका अक्षराच्या आठ ओळी आणि प्रत्येक ओळीस एक बाइट, या हिशेबाने तिच्यात आठ अक्षरे मावतात. पाच बाय दहाचा प्रकार निवडल्यास चारच मावतात आणि पटल एकाच ओळीचे होते.

सीजीरॅम अस्थिर आहे. वीज गेली की तिच्यातील आकृत्या नाहीशा होतात व पुन्हा वीज आल्यावर तेथे वाटेल ते ठिपके असू शकतात. म्हणून यंत्र सुरू होताना दर वेळी अक्षरे नव्याने भरावी लागतात. नियंत्रकाला त्यासाठी लागणारा वेळ नगण्य आहे. एक बाइट लिहिण्यास सुमारे ४० मायक्रोसेकंद लागत असल्याने सर्व ६४ बाइट तीन मिलिसेकंदांच्या आत भरून होतात.

अक्षर घडविण्याची रीत

प्रथम चौकटीच्या वहीत पाच आडवी व आठ उभी अशी चाळीस घरे आखावीत आणि अक्षरासाठी लागणारी घरे काळी करावीत. ठिपक्यांची रांगोळी किंवा दोसुतीवरचे भरतकाम ज्यांनी केले आहे, त्यांना ही रीत निराळी शिकवावी लागत नाही. काळ्या घरास १ व रिकाम्या घरास ० मानले की प्रत्येक ओळ ही पाच अंकी द्विमान संख्या होते. डावीकडील घराची किंमत १६, त्यानंतर ८, ४, २ आणि उजवीकडील शेवटच्या घराची १. संपूर्ण काळी ओळ म्हणजे ३१.

उदाहरणादाखल 'तळेरे' हे नाव घेऊ. तळेरे हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील गाव असून मुंबई–गोवा महामार्गावरील या ठिकाणी पश्चिमेस विजयदुर्गाकडे व पूर्वेस वैभववाडी, गगनबावडा मार्गे कोल्हापूरकडे जाणारे रस्ते फुटतात. नावात तीनच अक्षरे आहेत, उकार नाही आणि जोडाक्षरही नाही. म्हणून आरंभासाठी ते सोयीचे आहे. दोन अक्षरांवर मात्रा असल्यामुळे वरच्या दोन ओळी मात्रेसाठी राखून शिरोरेखा तिसऱ्या ओळीत घ्यावी लागते. 'ळे' हे अक्षर असे होईल :

१ १ ० ० ०
० ० १ ० ०
१ १ १ १ १
० ० १ ० ०
० १ ० १ ०
१ ० १ ० १
१ ० १ ० १
० १ ० १ ०

याच्या आठ ओळींच्या किमती २४, ४, ३१, ४, १०, २१, २१, १० अशा येतात. 'त' साठी ०, ०, ३१, १, १५, १७, ९, १ आणि 'रे' साठी १२, २, ३१, २, २, १२, ४, २ या किमती घेता येतील. 'त'वर मात्रा नसली तरी त्याच्या वरच्या दोन ओळी रिकाम्याच सोडावयाच्या आहेत. तेथे शिरोरेखा वर सरकविली तर शब्दाची रेघ तुटून पायरीसारखी दिसते. शिरोरेखेची ओळ प्रत्येक अक्षरागणिक नव्हे, तर संपूर्ण शब्दासाठी एकदाच ठरवावी लागते. नवशिक्याच्या आकृत्या फसतात त्या प्रायः येथेच.

या संख्या नियंत्रकास देताना आधी पत्ता द्यावा लागतो. सीजीरॅमचा पत्ता ठरविणारी आज्ञा म्हणजे ६४ अधिक अक्षराच्या क्रमांकाची आठपट. अक्षरांचे क्रमांक ० ते ७ असतात. म्हणून 'त' साठी ६४, 'ळे' साठी ७२ व 'रे' साठी ८० ही आज्ञा येते. आज्ञेनंतर आठ बाइट ओळीने पाठवावेत. पत्ता दर वेळी आपोआप एकाने पुढे सरकतो, त्यामुळे तिन्ही अक्षरे लागोपाठ भरावयाची असल्यास केवळ ६४ ही एकच आज्ञा पुरते व मागून चोवीस बाइट पाठविता येतात. आज्ञा पाठविताना 'आरएस' ही तार शून्यावर आणि बाइट पाठविताना एकावर असते.

अक्षरे भरून झाल्यावर डीडीरॅमचा पत्ता देणे अत्यावश्यक आहे. पहिल्या ओळीच्या पहिल्या घरासाठी १२८ व दुसऱ्या ओळीच्या पहिल्या घरासाठी १९२ ही आज्ञा आहे. ती दिल्यावर ०, १, २ हे क्रमांक पाठविले की पटलावर 'तळेरे' उमटते. आर्डुइनो या शिकाऊ मंडळाच्या ग्रंथालयातील 'क्रिएटकॅर' हे कार्य पत्त्याचा व बाइटांचा भाग स्वतःच करते. परंतु डीडीरॅमकडे परत येण्याचे काम तेही वापरणाऱ्यावर सोपविते.

नेहमी होणाऱ्या चुका

अक्षर भरल्यानंतर लगेच मजकूर पाठविला आणि पटल कोरे राहिले, शिवाय घडविलेले अक्षर बिघडले, तर डीडीरॅमचा पत्ता द्यावयाचा राहिला आहे असे निश्चित समजावे. पाठविलेला मजकूर पटलावर न जाता अक्षरांच्या आकृत्यांत जाऊन बसलेला असतो.

दुसरी चूक शून्य क्रमांकाच्या अक्षराची. सी भाषेत शून्य ही अक्षरमालेच्या समाप्तीची खूण आहे. त्यामुळे मालेच्या मध्ये शून्य क्रमांकाचे स्वनिर्मित अक्षर आले की पुढचा मजकूर छापलाच जात नाही. यावर सोपा उपाय नियंत्रकातच आहे. ८ ते १५ हे क्रमांक ० ते ७ या अक्षरांचीच पुनरावृत्ती करतात. म्हणून शून्याऐवजी ८ लिहिले तरी तेच अक्षर दिसते. मात्र याच पुनरावृत्तीमुळे नववे अक्षर भरू पाहणाऱ्याचा घात होतो. नववे अक्षर पहिल्याच्या जागी जाऊन बसते आणि पटलावर जेथे जेथे पहिले अक्षर होते तेथे तेथे त्याच क्षणी नवे दिसू लागते, कारण पटलावर अक्षराची प्रत नसते, केवळ त्याचा क्रमांक असतो. हा गुण जाणून वापरल्यास हलणारी चित्रे करता येतात. भरत जाणारी पाण्याची टाकी अथवा विद्युत्घटाचे चिन्ह बहुधा असेच केलेले असते.

आठवी ओळ ही दर्शकाची, म्हणजे कर्सरच्या अधोरेषेची जागा आहे. कर्सर चालू असल्यास त्या ओळीतील ठिपके रेषेत बुडून जातात. देवनागरीसाठी कर्सर बंद ठेवून आठही ओळी वापराव्यात हे बरे. आणि अक्षर आरशातल्यासारखे उलटे दिसल्यास डावीकडील घराची किंमत १ धरली गेली आहे, एवढेच पाहावे.

मराठीपुढील अडचणी

रोमी लिपीत प्रत्येक अक्षर आपल्या घरात एकटे राहू शकते. पटलाची रचनाही त्याच गृहीतावर झाली आहे. दोन घरांमध्ये सुमारे एका ठिपक्याएवढी फट असते आणि ती कोणत्याही आज्ञेने भरून निघत नाही. त्यामुळे देवनागरीची शिरोरेखा सलग न दिसता तुटक दिसते. ती मुळीच न काढता अक्षरे लिहिण्याचा पर्यायही काही जण निवडतात व त्याने एक ओळ वाचते. तथापि शिरोरेखेविना घ आणि ध, भ आणि म यांतील भेद इतक्या थोड्या ठिपक्यांत जवळजवळ नाहीसा होतो. तुटक का होईना, पण रेघ ठेवावी.

खरी अडचण उंचीची आहे. देवनागरीला तीन मजले लागतात. वर मात्रा, अनुस्वार, रफार व वेलांटीचे वळण, मध्ये अक्षर आणि खाली उकार. आठ ओळींतून वरच्यासाठी दोन, शिरोरेखेसाठी एक आणि उकारासाठी दोन वजा केल्या की अक्षराच्या अंगाला तीन ओळी उरतात. तीन ओळींत 'ध' लिहून त्याला उकार देणे म्हणजे वाचकाच्या अंदाजावर विसंबणे होय. म्हणून शब्दात वरची चिन्हे नसतील तर शिरोरेखा पहिल्या ओळीत घ्यावी, खालची नसतील तर तिसऱ्या ओळीत घ्यावी, आणि दोन्ही असतील तर शक्य तेथे दुसरा शब्द निवडावा. 'सुरू' ऐवजी 'चालू' लिहिल्याने एक उकार कमी होतो. 'बंद' ला तर उकार नाहीच. पंपाच्या पेटीवर हे दोन शब्दच बहुतेक काम भागवितात.

जिल्ह्याचे नावच या सर्व अडचणींचा एकत्र नमुना आहे. 'सिंधुदुर्ग' लिहिण्यास ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वारासह स, धु, दु आणि र्ग अशी पाच घरे लागतात व पाचही आकृत्या भिन्न आहेत. 'तळेरे' ची तीन त्यांत मिळविली की बरोबर आठ होतात. स्वल्पविराम व मोकळी जागा सीजीरॉममधून घेता येते. म्हणजे 'तळेरे, सिंधुदुर्ग' एवढा पत्ता पटलावर मावतो आणि तेथेच स्मृती संपते. मध्ये 'जि.' घालण्यासही जागा उरत नाही. याउलट 'कणकवली' ला सहा घरे लागत असली तरी क दोनदा येत असल्याने क, ण, व, ल व दीर्घ वेलांटी अशा पाचच आकृत्या पुरतात.

ऱ्हस्व वेलांटीविषयी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठविली जाते, पण डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते. संगणक व दूरध्वनी संच ही अदलाबदल स्वतः करतात. या नियंत्रकास लिपीचे ज्ञान नसल्याने घरे दिसण्याच्या क्रमानेच भरावी लागतात.

हिंदीसाठी तयार केलेल्या आकृत्या मराठीसाठी उचलल्या की दोन ठिकाणी विशेष हानी होते. एक म्हणजे ळ. तो संचात नसला की त्याच्या जागी ल बसविला जातो आणि मग माळ व माल, काळा व काला यांत अंतर राहत नाही. तळेऱ्याचेही 'तलेरे' होते. रोमी लिपीत तर हा भेद दाखविताच येत नाही, म्हणूनही मराठी आकृतीचा खटाटोप वाया जात नाही. दुसरे म्हणजे अर्धचंद्राकार ऱ्. किनाऱ्यावरचा 'दर्या' आणि सह्याद्रीतल्या 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत व त्यांचा भेद केवळ रफार आणि या अर्धचंद्रावर अवलंबून आहे. पाच उभ्या रांगांत 'ऱ्य' एकत्र बसत नाही, तेव्हा अर्धचंद्राला स्वतंत्र घर द्यावे लागते. ते देणे परवडत नाही म्हणून रफार देऊन मोकळे होणे हे शुद्धलेखनाच्या दृष्टीने चूकच आहे, आणि येथे तर अर्थाच्या दृष्टीनेही. मराठी पाकळीयुक्त ल बाबत मात्र तडजोड करावी लागते. दंडाचा ल पाच रांगांत अधिक स्पष्ट उमटतो.

छापखान्यातील पूर्वानुभव

मोजक्या साधनांत देवनागरी बसविण्याचा प्रश्न या पटलांनी प्रथम उभा केलेला नाही. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा दोन रीती प्रचलित होत्या. डिग्री पद्धतीत अक्षर, वरचे चिन्ह व खालचे चिन्ह यांचे खिळे वेगळे असत व ते थरांनी जुळवीत. अखंड पद्धतीत अक्षर चिन्हासह एकाच खिळ्यात ओतलेले असे. अखंड खिळ्यांचे वळण देखणे, पण खिळ्यांची संख्या फार. एलसीडी पटलावर एका घरात दोन आकृत्या एकमेकींवर ठेवता येत नाहीत, त्यामुळे डिग्रीचा मार्ग बंद आहे. मात्रेसह 'ळे' हे एक आणि मात्रेविना 'ळ' हे दुसरे, असा अखंड पद्धतीचा खर्च आठ खिळ्यांच्या पेटीत करावा लागतो. काना आणि वेलांट्या तेवढ्या स्वतंत्र घरात जाऊ शकतात, कारण त्या अक्षराच्या शेजारी असतात.

विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. लिपिशुद्धीच्या चळवळीत त्यांनी इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे स्वर निराळ्या अक्षरांनी न लिहिता 'अ' लाच चिन्हे लावून 'अि, अी, अु, अू, अे, अै' असे लिहावेत असा आग्रह धरला. छपाईतील खिळे कमी व्हावेत हा त्यामागील एक हेतू होता. ही बाराखडी काही नियतकालिकांत चालली, पण सर्वमान्य झाली नाही. लहान पटलावर तिचा उपयोग आजही दिसून येतो. 'अ' ची एक आकृती व वेलांट्यांच्या दोन आकृत्या संचात असल्या की 'इ' आणि 'ई' साठी वेगळी जागा मोडावी लागत नाही. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेशी हे विसंगत आहे, त्यामुळे सार्वजनिक फलकावर असा वापर करू नये. स्वतःच्या प्रयोगात जागा वाचविण्यास हरकत नाही.

अंकांचा प्रश्न

देवनागरी अंक दहा आणि जागा आठ, म्हणून अंकही सरळ मावत नाहीत. येथे सीजीरॉमची मदत घेता येते. ० साठी रोमी 'ओ' हे अक्षर चालते (रोमी शून्य चालत नाही, या संचात त्याच्या पोटात तिरकी रेघ असते) आणि ३ साठी रोमी तीन चालतो. उरलेले १, २, ४, ५, ६, ७, ८, ९ हे आठ अंक नेमके आठ जागांत बसतात. रोमी दोनवर समाधान मानल्यास एक जागा मोकळी होते आणि तीत 'रु' सारखे एखादे चिन्ह घालता येते. अंकांना शिरोरेखा नसल्याने ते आठही ओळी वापरू शकतात व अक्षरांपेक्षा कितीतरी सुवाच्य दिसतात. वजनकाट्यासारख्या ठिकाणी मात्र ५ आणि ६ यांच्या आकृत्या शेजारी ठेवून लांबून वाचून पाहिल्याखेरीज वापरू नयेत. तेथे चूक झाली तर ती गिऱ्हाइकाच्या खिशातून जाते.

पर्याय

आठांची मर्यादा मजकूर बदलताना ओलांडता येते. एक पान दाखवून झाले की पटल पुसावे, पुढील पानाची आठ अक्षरे भरावीत आणि मग ते दाखवावे. अट इतकीच की एका वेळी दिसणाऱ्या भिन्न आकृत्या आठांहून अधिक नसाव्यात. काही जण एका अक्षरासाठी वरखाली दोन घरे वापरून मोठे अक्षर काढतात. त्यात उंची मिळते, परंतु दोन ओळींमधील फट अक्षराच्या पोटातून जाते आणि जागा दुप्पट खर्ची पडते.

अधिक मजकूर हवा असेल तर १२८ बाय ६४ ठिपक्यांचे चित्रपटल घ्यावे. त्याच्यावर घरांची विभागणी नसल्यामुळे शिरोरेखा सलग निघते व १६ बाय १६ ठिपक्यांत बहुतेक जोडाक्षरे नीट बसतात. अशा एका अक्षरास ३२ बाइट लागतात. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत 'जिस्ट' या नावाने वाढले आणि १९९१ साली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्या प्रणालीत व नंतरच्या युनिकोडमध्ये अक्षराचा संकेत आणि त्याची दिसणारी आकृती या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. संकेतांवरून आकृती जुळविण्याचे काम स्वतंत्र आज्ञावली करते. लहान सूक्ष्मनियंत्रकात तिच्यासाठी बहुधा जागा नसते. म्हणून चित्रपटलावरही जोडाक्षरे आधीच जुळवून, तयार चित्र म्हणून साठवावी लागतात.

अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे २०१६ नंतर अनेक शाळांत आर्डुइनो मंडळे पोहोचली आहेत. तेथील पहिल्या प्रयोगात पटलावर बहुधा इंग्रजी अभिवादन उमटविले जाते. त्याऐवजी गावाचे नाव देवनागरीत काढावयास दिल्यास मुलांना द्विमान संख्या, स्मृतीचे पत्ते आणि शिरोरेखेचे स्थान या तीनही गोष्टी एकाच तासात हाताळाव्या लागतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले, दोडामार्ग यांपैकी कोणत्या नावाला किती आकृत्या लागतात हे आधी वहीत मोजून घ्यावे; वेंगुर्ल्याला अनुस्वार, उकार, रफार व मात्रा ही चारही चिन्हे आहेत, तेव्हा ते शेवटी ठेवावे.